ब्लूबेरी म्हणजे तुळस नव्हे!

परवा इकडे एडिसनला एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर काकूंनी कौतुकाने गॅलरीतली ब्लूबेरीची कुंडी दाखवली. दोन फुटांची बुटकी जात, पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. "रोज पाणी घालते, महिन्याला राख, वर अंड्याची टरफलं. मुलासारखं जपते हो. तरी मेलं रुसलंय!"

रुसलं नाहीये काकू, उपाशी मरतंय. तिथे बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय.

"प्रेमाने लावलं की काहीही येतं" हे आपलं लाडकं वाक्य मला आता ऐकवत नाही. ब्लूबेरीला आम्ल माती लागते, पीएच साधारण 4.5 ते 5.5. राख आणि टरफलं माती नेमकी उलट्या दिशेला नेतात. मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. म्हणजे आपलं प्रेमच तिच्या तोंडचा घास काढून घेतं. (मी स्वतः दोन झुडपं अशीच मारली आहेत, तेव्हा हा राग माझ्यावरही आहे.)

बरं, हे काही गुपित नाही. अमेरिकन शेतकी खात्यातल्या फ्रेडरिक कोव्हिल यांनी 1910 मध्येच प्रयोग करून लिहून ठेवलं, की बागेतली कसदार, चुना घातलेली माती या झुडपाला सोसत नाही. ते वाचून व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना साथ दिली आणि 1916 मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. याच न्यू जर्सीत, आंबट, रेताड, निकस जमिनीत!

"एवढे लाड कोण करणार?" असं कोणी म्हणेल. लाड कसले? अंगणातली माती बदलणं अवघड, कुंडीतली सोपी. तळाला भोकं असलेली सव्वा-दीड फुटी कुंडी, पीट आणि पाइनच्या सालीचा चुरा, अझेलियाला घालतात ते खत थोडंसं. ओल हवी, चिखल नको. राखेपेक्षा यात जास्त कष्ट नाहीत. फक्त आपल्याला काय द्यायला आवडतं यापेक्षा तिला काय हवंय, हे आधी विचारावं लागतं. नेमकं तेच आपल्याला जड जातं.

असो. शनिवारी काकूंकडे सालीची पिशवी घेऊन जाणार आहे. येताना राखेचा डबा उचलून आणीन म्हणतो.