पांढऱ्या बशीतला कण



होळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या सहावीच्या वर्गात एक पांढरी बशी आली. बशी म्हणजे चहाची नव्हे हं! प्लॅस्टिकची, तळहाताहून जराशी मोठी, कडेनं बारीक फटी असलेली. वर्गातल्या एका मुलाची आत्या न्यू जर्सीतलं बिऱ्हाड आवरून कायमची परत आली, तिच्या खोक्यात ती निघाली. मुलानं ती पालथी करून माझ्यापुढे धरली. मागच्या बाजूला तीन पाकळ्यांचं चिन्ह होतं. एक्स-रेच्या खोलीच्या दारावर असतं ना, तेच. खाली इंग्रजीत लिहिलेलं, की आत किरणोत्सारी पदार्थ आहे, अमेरिशियम २४१, १ मायक्रोक्युरी.

झालं! मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "बाई, अणुबॉम्ब!" ज्याची बशी होती त्याच्या खिशात मात्र स्क्रूड्रायव्हर तयार होता. त्याला ती उघडून पाहायची होती. घरी आजीनं सांगितलं होतं, "असली अवदसा घरात नको, होळीत टाक." आणि भंगारवाल्यानं तर भावही केला होता. उघडणं, जाळणं, विकणं, तीनही बेत एकाच बशीसाठी! मी ती कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि त्या दिवशीचं गणित बाजूला ठेवलं.

अमेरिकेत घरोघरी छताला अशी बशी लावलेली असते. तिला स्मोक डिटेक्टर म्हणतात. रात्री सगळे झोपेत असताना आग लागली, तर धुराचा वास घेऊन ती कर्कश ओरडते. आता तिला धूर कळतो कसा? त्यासाठी मी मुलांना पटांगणावर नेलं. दहा-बारा जणांना सांगितलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत राहा. मग पहिलीची चिल्लीपिल्ली मध्ये सोडली. त्यांनी धावणाऱ्या ताई-दादांना मिठ्याच मारल्या! धावणं पार मंदावलं. बशीच्या आत अगदी हेच घडतं. अमेरिशियममधून अल्फा कण सुटतात, ते हवेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात, विद्युतभारित कण तयार होतात आणि ते दोन पट्ट्यांमध्ये धावू लागतात. म्हणजे एक बारीकसा वीजप्रवाह सुरू होतो. धुराचे कण आत शिरले की या धावणाऱ्यांना चिकटतात, प्रवाह घटतो, आणि भोंगा वाजतो.

हे अमेरिशियम १९४४ साली ग्लेन सीबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलं. पण जगाला ते कसं कळलं, ही गोष्ट खास तुमच्यासाठी. ११ नोव्हेंबर १९४५ला सीबर्ग मुलांच्या एका रेडिओ कार्यक्रमात पाहुणे म्हणून गेले होते. एका मुलानं विचारलं, आणखी नवी मूलद्रव्यं सापडली का? सीबर्ग यांनी सांगून टाकलं! शास्त्रज्ञांच्या सभेत जाहीर व्हायला अजून पाच दिवस होते. (वर्गात प्रश्न विचारायला लाजणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.)

बशीत ते असतं किती? साखरेच्या एका दाण्याचे दोन हजार तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्याच्या वजनाइतकं. पण तेवढ्यातून दर सेकंदाला सुमारे ३७,००० अल्फा कण सुटतात. आकडा ऐकून दचकू नका. अल्फा कण हवेत चार-पाच सेंटिमीटरही जात नाही, वहीचं एक पान त्याला अडवतं. थोडे गॅमा किरण बाहेर येतात, पण तेही दुबळे. घरात अशा दोन बशा असल्या, तर वर्षभरात माणसाला ०.००२ मिलिरेमपेक्षा कमी किरणोत्सर्ग मिळतो, असा अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचा हिशेब आहे. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून तिथल्या माणसाला वर्षाला सुमारे ३०० मिलिरेम मिळतच असतात. दीड लाख रुपयांतला एक रुपया समजा.

मग उघडली तर काय बिघडलं? वहीच्या पानाला न जुमानणारं एकच दार आहे, आपलं नाक-तोंड. अमेरिशियमची धूळ श्वासातून किंवा घासातून पोटात गेली, तर तिथे अडवायला कातडी नसते. ती हाडांत आणि यकृतात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं आतून मारा करत राहते. म्हणून पत्र्यावर पक्का बसवलेला तो कण खरवडायचा नाही, ठोकायचा नाही, जाळायचा तर नाहीच. अमेरिकेत मिशिगन राज्यात एका शाळकरी मुलानं असल्या ढीगभर बशा जमवून आतले कण काढले होते. कंदिलाच्या जाळ्याही जमवल्या होत्या, कारण त्यांत थोरियम असे. (आपल्या पेट्रोमॅक्सच्या मेंटलमध्येही ते असायचं.) अखेर १९९५ साली सरकारी माणसांना त्याच्या आईच्या परसातली खोपी मोडून ३९ पिंपांत भरून न्यावी लागली.

बशी जुनी झाली की कण मरतो, असं आत्यालाही वाटत होतं. तसं नाही! अमेरिशियम २४१ अर्धं व्हायला ४३२ वर्षं लागतात. शिवरायांच्या राज्याभिषेकाला, १६७४ साली, कोणी एक कण ठेवला असता, तर तो अर्धा व्हायला २१०६ साल उजाडेल. दहा वर्षांत तो शंभराचा जेमतेम साडेअठ्ठ्याण्णव होतो. मग दहा वर्षांनी बशी बदला, असं का सांगतात? कारण धूळ बसते, आतली यंत्रणा थकते, ओरडायच्या वेळी बशी गप्प राहते. यंत्र म्हातारं, कण ताजातवाना, अशी ती जोडी.

पालकांनो, परदेशातल्या मुलाबाळांकडे राहायला गेलात आणि हे चिन्ह दिसलं, तर घाबरून बशी उतरवू मात्र नका. अमेरिकेत घरांच्या आगीत दगावणाऱ्या पाचांपैकी जवळजवळ तिघं ज्या घरांत बशी नव्हती किंवा बिघडलेली होती, तिथले असतात. फारच नको वाटली, तर प्रकाशावर चालणारी, किरणोत्सारी पदार्थ नसलेली बशी मिळते, ती आधी लावा आणि मग जुनी काढा. तिथे एखाददुसरी घरच्या कचऱ्यात टाकायला बंदी नाही, तरी परत घेणारे कारखानदार असतात, त्यांना धाडणं बरं. कारखान्यांतल्या फार जुन्या बशांमध्ये याहून पुष्कळ जास्त माल, काहींत रेडियमसुद्धा असे. त्या घरी आणू नयेत.

भंगाराचं म्हणाल, तर दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं एक यंत्र भंगारात गेलं. त्यात कोबाल्ट ६० होतं. आपली बशी त्याच्यापुढे काहीच नाही, पण तिथे भंगार फोडणाऱ्यांना चिन्हाचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि एकाचा जीव गेला.

आमची बशी आता आत्याच्या माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, मूळच्या खोक्यात आहे. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला सहावीच्या वर्गानं पत्र लिहून विचारलंय, की ती कुठे द्यायची. शुद्धलेखन मी तपासलं, मजकूर त्यांचा. स्क्रूड्रायव्हरवाल्या मुलानं खोक्यावर चिठ्ठी डकवलीय, "यंत्र बंद आहे, आतलं चालू आहे. उघडू नये." आजीनं ती दोनदा वाचून घेतली आणि होळीत त्याऐवजी एक मोडकं स्टूल दिलं. मंडळाचं उत्तर आलं की याच पानावर कळवीन.

तुमच्या बाई