पास्त्याच्या पाण्यात तेल कशाला?

पास्ता उकळताना पाण्यात चमचाभर तेल टाका म्हणजे तो चिकटत नाही, असं जो भेटतो तो सांगतो. "का?" विचारलं की मात्र गप्प. प्रत्येक प्रोजेक्टमधे असा थोडा कोड असतोच: कुणी लिहिला, काय करतो कुणाला माहीत नाही, पण काढायची हिंमत होत नाही. हे तेल त्यातलंच.

बघा ना, तेल पाण्यापेक्षा हलकं. ते वर तरंगतं आणि पास्ता खाली शिजतो. दोघांची भेट होते ती थेट चाळणीत ओतताना! (फेस उतू जाणं जरा कमी होतं, एवढं श्रेय देऊन टाकू.) त्या भेटीत पास्त्याला तेलाचा थर बसतो आणि मग सॉस त्यावरून घसरतो. खाली सॉसचं तळं, वर कोरडी स्पॅगेटी. "पास्ता बेचवच असतो" म्हणत लोक वर केचप ओततात, आणि नाव खराब होतं पास्त्याचं. शेवया तुपात परततो ते वेगळं. तिथे तूप कोरड्या शेवईला आधी लागतं.

चिकटवतो तो स्टार्च. उकळत्या पाण्यात पडल्यावर पहिली दोनेक मिनिटं पास्त्याच्या अंगावरचा स्टार्च फुगून खळीसारखा होतो. तेव्हा दोन तुकडे टेकून राहिले की चिकटलेच. म्हणून नीट ढवळायचं ते तेव्हा. नंतर अधूनमधून चमचा फिरवला तरी पुरतं. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ हा इटलीतला नेहमीचा हिशोब. पण हॅरल्ड मगी या अन्नविज्ञानावर लिहिणाऱ्या लेखकाने २००९ मधे बऱ्याच कमी आणि तेही थंड पाण्यापासून सुरुवात करून पास्ता शिजवून दाखवला. अट एकच, ढवळायचा कंटाळा करायचा नाही.

चिकटायची दुसरी वेळ निथळल्यानंतरची, आणि खरा घोळ इथे आहे. आपल्याकडे पास्ता शिजवून, नळाखाली धुवून बाजूला ठेवतात आणि मग कांदा चिरायला घेतात! शिवाय पानं घेतली म्हटल्यावरही पाहुणे वीस मिनिटं गप्पा मारणार. भात झाकून ठेवता येतो, पास्ता नाही. सॉस आधी तयार हवा. पास्ता मिनिटभर कच्चा असतानाच काढून सॉसमधे टाका, सोबत त्याचंच वाटीभर पाणी. मघाशी चिकटवणारा स्टार्च आता सॉसला दाटपणा देतो. रोमच्या काचो ए पेपेमधे क्रीम नसतंच, नुसतं चीज, मिरी आणि हे पाणी. त्या सॉसमधे गुठळ्या का होतात यावरच्या संशोधनाला २०२५ साली भौतिकशास्त्राचं इग नोबेलसुद्धा मिळालं :) आणि आपण ते पाणी मोरीत ओततो.

थंड सॅलड करायचं असेल तर खुशाल धुवा. डब्यात न्यायचा असेल तर निथळल्यावर थोडं तेल चोळा, तिथे तेलाला काम आहे. तरी दुपारी गठ्ठा झालाच, तर दोन चमचे पाणी शिंपडून मायक्रोवेव्हमधे गरम करा आणि काट्याने सोडवा.