प्राणायामाची मात्रा कोणी ठरवावयाची?

शिवाजी पार्क, फाइव्ह गार्डन्स किंवा गिरगाव चौपाटी यांपैकी कोठेही सकाळी सहाच्या सुमारास फेरी मारली, तर पोट आत-बाहेर करीत बसलेली मंडळी हमखास दृष्टीस पडतात. दूरचित्रवाणीवरून प्राणायामाची शिबिरे घराघरांत पोहोचली त्याला आता वीस वर्षे उलटून गेली. अलीकडे त्यात चीनमधील चीगाँगची भर पडली आहे. श्वासाच्या लयीवर मन ठेवून हात संथपणे वर-खाली करण्याचा हा अभ्यास आमचे काही रुग्ण भ्रमणध्वनीवर पाहून शिकले आहेत. लोक स्वतःहून अभ्यासाकडे वळले याचा वैद्याला आनंदच व्हावयास हवा, आणि तो आम्हांस आहेही. परंतु याच मंडळींपैकी कोणीतरी आमच्या लालबागच्या चिकित्सालयात येऊन विचारतो, "डॉक्टर, कपालभाती सुरू केलीय, आता प्रेशरची गोळी बंद केली तर चालेल ना?" कधी तर गोळी महिन्यापूर्वीच बंद केल्याचे सांगतो. या प्रश्नाला आपण वैद्यवर्ग काय उत्तर देतो, याविषयी थोडे स्पष्ट लिहावे असे वाटते.

कारण आपल्यापैकी पुष्कळजण उत्तरच देत नाहीत. 'करा, चांगले असते' एवढे म्हणून मोकळे होतात. साध्या त्रिफळा चूर्णालाही आपण मात्रा, काल, अनुपान आणि पथ्य सांगतो. प्राणायाम मात्र 'नैसर्गिक' म्हणून सोडून देतो. आमचे मत असे की, श्वासाचा अभ्यास ही अद्रव्यभूत चिकित्सा आहे आणि चिकित्सेचे सर्व नियम तिला लागू आहेत. ती कोणास द्यावी, किती द्यावी, कोणास मुळीच देऊ नये आणि दिल्यावर परिणाम कसा मोजावा, हे ठरविणे चिकित्सकाचे काम आहे. ते आपण केले नाही, तर शिबिराच्या व्यासपीठावरील ध्वनिक्षेपक ते करतो.

याचा उत्तम दाखला शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. तो परळमध्येच आहे. के. ई. एम. रुग्णालयातील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शवासनाचा उच्च रक्तदाबावर काय परिणाम होतो हे तपासले व १९६९ साली 'अँजिऑलॉजी' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. सहलेखकांत डॉ. विनेकर होते. स्वामी कुवलयानंदांसह यौगिक चिकित्सेवर ग्रंथ लिहिणारे, लोणावळ्याच्या कैवल्यधामाशी निगडित असलेले हे वैद्यक. म्हणजे योगशास्त्र जाणणारा आणि हृदय जाणणारा असे दोघे एकाच रुग्णाजवळ उभे राहिले. हा योग आजही दुर्मीळच म्हणावयाचा.

रुग्ण ४७ होते. त्यांचे तीन गट केले होते : औषध न घेणारे, औषधाने दाब आटोक्यात असलेले, आणि औषध घेऊनही दाब न उतरलेले. पहिल्या गटाचा सरासरी दाब लक्षणीय उतरला. दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांची औषधाची गरज मूळच्या सुमारे एकतृतीयांशावर आली. तिसऱ्या गटात मात्र असा लाभ थोड्यांनाच झाला. एकंदर पाहता जवळजवळ निम्म्या रुग्णांना समाधानकारक गुण आला आणि उरलेल्यांना आला नाही.

या अभ्यासाचा उल्लेख व्याख्यानांतून अनेकदा होतो, पण बहुधा अर्धाच. 'शवासनाने रक्तदाब उतरतो' एवढे सांगितले जाते. 'निम्म्यांचा उतरला नाही' हे सांगितले जात नाही. शिवाय औषध कमी झाले ते चिकित्सकाच्या हातून, दाब मोजून, पायरीपायरीने. रुग्णाने आपल्या मनाने गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या नव्हत्या. आजच्या मापाने तो अभ्यास लहान होता हे मान्य. परंतु पुढे १९७५ साली इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी ३४ रुग्णांचे यादृच्छिक गट पाडून योगाभ्यास व जैवप्रतिसाद यांचा एकत्रित प्रयोग केला आणि 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हाही दाब उतरण्याची दिशा तीच दिसली. शिथिलीकरणाने आणि संथ श्वासाने रक्तदाब काही अंशी उतरतो, ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. किती उतरतो, कोणाचा उतरतो आणि अभ्यास सोडल्यावर किती दिवस टिकतो, हे मात्र प्रत्येक रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधूनच कळते.

येथे एक गोष्ट आवर्जून आठवते. याच के. ई. एम. मधील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवरील आपले निष्कर्ष मांडले आणि आपली एक मुळी जगभरच्या रक्तदाब-चिकित्सेत जाऊन बसली. एक द्रव्य आणि एक अद्रव्य, दोन्ही आपल्याच परंपरेतील, दोन्ही एकाच रुग्णालयात एकाच पाऱ्याच्या स्तंभावर तोलली गेली. त्यात कोणाचाही अपमान झाला नाही. शास्त्राचा मान वाढलाच.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. कपालभाती हा हठयोगात प्राणायाम नव्हे, ते षट्कर्मांपैकी एक शोधनकर्म आहे. आणि हठप्रदीपिकेने षट्कर्मे मेद व श्लेष्मा अधिक असलेल्यांसाठीच सांगितली आहेत. म्हणजे तेथेही रुग्णपरीक्षा आलीच. कृश, रूक्ष, वातप्रकृतीच्या, रात्री झोप न येणाऱ्या वृद्धाला पहाटे उपाशीपोटी पाचशे वेळा पोट आपटावयास लावणे हे शोधन नव्हे, तो वातप्रकोपाला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. अयोग्य रीतीने केलेल्या प्राणायामाने उचकी, श्वास, कास आणि शिर, कर्ण व नेत्र यांच्या वेदना होतात, असा इशाराही तोच ग्रंथ देतो. चरकाचार्यांनी श्रमश्वासाची गणना अधारणीय वेगांत केली असून तो रोखल्याने होणाऱ्या व्याधींत हृद्रोग सांगितला आहे. हृद्रोग्याला दीर्घ कुंभक करावयास सांगताना हे स्मरणात असावे. व्यायाम अर्धशक्तीने करावा हा नियम तर आपल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असतो. शिबिरात मात्र शेजाऱ्याशी स्पर्धा लागते.

हे इशारे केवळ ग्रंथातले नाहीत. कपालभाती करताना एका २९ वर्षांच्या स्त्रीच्या फुफ्फुसाचे आवरण फाटून वक्षात हवा शिरल्याची नोंद २००४ साली 'चेस्ट' या नियतकालिकात आली. असे क्वचितच घडते, पण घडते. शीर्षासनात नेत्रांतर्गत दाब जवळजवळ दुप्पट होतो हे २००६ साली चेन्नईच्या अभ्यासकांनी मोजून दाखविले. काचबिंदूच्या रुग्णाला हे आसन सांगणाऱ्याने याचा विचार केलाच पाहिजे. गर्भिणी, अंत्रवृद्धीचा रुग्ण, नुकतीच उदरशस्त्रक्रिया झालेला रुग्ण यांच्याविषयी आपणांस वेगळे सांगावयास नको.

आमच्या भागात मात्र खरा प्रश्न श्वासाच्या रुग्णांचा आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांत ब्लो-रूममध्ये, कार्डिंग खात्यात ज्यांनी पंचवीस-तीस वर्षे काढली, त्यांच्या छातीत कापसाची धूळ किती गेली याचा हिशेब कोणत्याही मस्टरवर नाही. सुटीनंतर सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळते, ही तक्रार त्या काळी इतकी सार्वत्रिक होती की तिला कोणी रोगही म्हणत नसे. के. ई. एम. मध्येच डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या फुफ्फुसांचा अभ्यास केला, तेव्हा या धुळीच्या रोगाला शास्त्रीय बैठक मिळाली. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली, चिमण्यांच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. पण ती फुफ्फुसे आजही आमच्या बाकावर येऊन बसतात.

अशा एका काकांनी, वय सत्तरीच्या पुढचे, दादरच्या एका सभागृहातील शिबिरातून आल्यावर पंप बंद केला. 'फुफ्फुसे नव्याने उघडतात' असे त्यांना तेथे सांगण्यात आले होते. पंधरा दिवस उत्साहात गेले. सोळाव्या रात्री त्यांना ओठ निळे पडलेल्या अवस्थेत रुग्णालयात न्यावे लागले. ते वाचले. घरी आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग श्वासाचा व्यायाम करायचाच नाही का?"

करावयाचा, अवश्य करावयाचा. ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडणे, पोटाने श्वास घेणे, दररोज सपाट रस्त्यावर थोडे अधिक चालणे, यांनी धाप कमी लागते आणि भीती ओसरते. चीनमधील ताईची आणि चीगाँग यांचा असाच उपयोग जीर्ण श्वासरोग्यांत तपासला गेला असून रुग्णाचे चालण्याचे अंतर थोडे सुधारल्याचे दिसते. धुळीने व धुराने जो श्वासमार्ग कायमचा अरुंद झाला, तो मात्र यांपैकी कशानेही रुंद होत नाही. तमकश्वासाविषयीही असेच. १९८५ साली बंगळूरच्या डॉ. नागरत्ना व डॉ. नागेंद्र यांनी ५३ दमेकऱ्यांना योगाभ्यास देऊन आवेग व औषध दोन्ही कमी झाल्याचे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दाखविले, हे आपणांस अभिमानास्पद आहे. त्याच्याच जोडीला २००३ साली 'थोरॅक्स'मध्ये आलेला ९० रुग्णांचा प्रयोगही वाचावा. रशियन डॉक्टर बुटेको यांच्या श्वासपद्धतीने तेथे लक्षणे कमी झाली, तात्पुरत्या आरामाचा पंप कमी लागला. परंतु फुफ्फुसाची क्षमता बदलली नाही आणि स्टिरॉइडची गरजही घटली नाही. प्राणायामासारखा श्वास घडवून आणणाऱ्या उपकरणाचा गट तर लक्षणांतही मागे राहिला. २०१६ साली कॉक्रेन समीक्षेने १५ प्रयोग व १०४८ रुग्ण एकत्र तपासून, योगाने दमेकऱ्यांच्या लक्षणांत व जीवनमानात अल्पशी सुधारणा होते, असेच म्हटले. रुग्णाला बरे वाटते आणि तरी सूज आत तशीच असते, ही अवस्था सर्वांत फसवी. आपल्या आचार्यांनी तमकाला 'याप्य' म्हटले, नवा असेल तरच साध्य म्हटले. याप्याचा अर्थ आधार काढला की कोसळणारे. खांब काढून घ्यावयाचा आणि घर उभे राहील अशी आशा करावयाची, ही चिकित्सा नव्हे.

चीगाँगचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. श्वसन व ध्यानाच्या जुन्या पद्धती एकत्र करून त्यांना हे नाव आरोग्याच्या अर्थाने रूढ केले ते १९५० च्या दशकात. ल्यू ग्वेईझेन या कार्यकर्त्याने त्यासाठी तांगशान व बेइदाइहे येथे आरोग्यधामे चालविली. तेथवर सारे मोजमापात होते. १९८० च्या दशकात त्याची साथच आली. क्रीडांगणे भरू लागली, दुरून 'ची' सोडून अर्बुद विरघळविण्याचे दावे झाले, आणि अतिरेकी अभ्यासाने मनोविभ्रम झालेले रुग्ण इतके दिसले की १९९४ साली अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद झाली. दावे गेले, आणि मोजून पाहिलेले तेवढे टिकले. उदाहरणार्थ, २०१२ साली अमेरिकेत पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरील प्रयोगात एका गटाला २४ आठवडे ताईची शिकविली, तेव्हा त्या गटाचा तोल सुधारला व पडण्याचे प्रमाण घटले. कंपवाताच्या वृद्ध रुग्णाचे मांडीचे हाड वाचणे ही काही लहान गोष्ट नाही.

प्रमेहाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे शंकेला जागा नाही. स्थूल, बैठ्या रुग्णाच्या मधुमेहात योगाभ्यास आहार-औषधाला हातभार लावतो. लहानपणी जडलेल्या, इन्सुलिनवाचून न चालणाऱ्या मधुमेहात कोणत्याही श्वासाने इन्सुलिन निर्माण होत नाही. ते बंद केल्यास काही दिवसांत प्राणावर बेतते. बीजदोषज प्रमेहाला आचार्यांनी असाध्य म्हटले ते उगाच नव्हे. थायरॉईडची गोळी उज्जायीने सुटते, या प्रचारालाही आपण वेळीच आवर घालावयास हवा.

औषधी विक्रेते बंधूंना दोन शब्द. रुग्ण वैद्याकडे महिन्यातून एकदा येतो, तुमच्याकडे आठवड्यातून दोनदा. नेहमीचा गिऱ्हाईक रक्तदाबाच्या गोळ्या न्यावयाचा थांबला, तर ते प्रथम तुमच्याच लक्षात येते; एकदा विचारावे. उलट, गोळी चालू, त्यात शवासन चालू आणि वर कोणाच्या सांगण्यावरून सर्पगंधेची वटीही चालू, असा रुग्ण उठताना भोवळ येऊन पडतो, हेही आम्ही पाहिले आहे. गल्ल्यावर 'हे घ्या आणि प्राणायाम करा, ती गोळी सोडा' असे म्हणणे कायद्यात बसो न बसो, व्यवसायात बसत नाही. औषधांच्या जाहिरातींपुरते तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह, रक्तदाब व हृद्रोग स्पष्ट लिहिलेले आहेत, आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका मोठ्या आयुर्वेदीय उत्पादकाला जाहीर क्षमा मागावी लागली, हे सर्वांनी वाचले आहे. त्याची झळ गिरगावातल्या छोट्या दुकानालाही लागली. गिऱ्हाईक कुत्सितपणे विचारू लागले.

आम्ही आमच्या केसपेपरवर गेली काही वर्षे एक रकाना वाढविला आहे. त्यात कोणता अभ्यास, किती मिनिटे, कोणी शिकविला, सुरू करण्यापूर्वीचा दाब वा साखर किती आणि सहा आठवड्यांनंतर किती, हे लिहितो. ज्याचे औषध दुसऱ्या डॉक्टरांचे असेल त्याच्या हाती हे आकडे एका चिठ्ठीवर देतो आणि मात्रा त्यांच्याकडूनच कमी करून घ्यावयास सांगतो. प्रारंभी असे डॉक्टर चिठ्ठी बाजूला ठेवीत. आता परळचे दोघे-तिघे उलट टपाली लिहितात. वर उल्लेखिलेले गिरणीतील काका रोज सकाळी गच्चीवर दहा मिनिटे सावकाश श्वास सोडतात, दोन वेळा पंप घेतात, आणि रकान्यातील आकडे आमच्याआधी स्वतःच वाचून दाखवितात. सभासदांपैकी कोणी अशी नोंद ठेवीत असतील, तर पुढील मासिक सभेस ती घेऊन यावी.