व्हीआर ड्रम वाजवणं हा व्यायाम आहे का?

"डॉक्टर, हे रोज संध्याकाळी डोळ्यांवर ते डबडं चढवतात आणि पाऊण तास हवेत हात मारत बसतात. घामाघूम होतात. मग म्हणतात, आज चालायला जायला नको, झाला व्यायाम. तुम्हीच सांगा, हे चालण्यात धरायचं का?"

प्रश्न विचारणाऱ्या बाई चिडलेल्या होत्या आणि शेजारी बसलेले त्यांचे यजमान उजवा कोपर चोळत होते. वय ५७. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, बीपी आणि शुगर दोन्हींच्या गोळ्या चालू. तरुणपणी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचे. फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर शेजाऱ्यांनी कटकट केली, तेव्हा ड्रमसेट विकून टाकला. आता मुलाने अमेरिकेहून येताना व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे व्हीआरचा, हेडसेट आणला आणि इतक्या वर्षांनी त्यांना पुन्हा ड्रम मिळाले.

असे प्रश्न अलीकडे वाढले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डोळ्यांवर चष्म्यासारखा पण बराच मोठा हेडसेट चढवायचा. तुमची खोली दिसेनाशी होते आणि समोर अख्खा ड्रमसेट दिसू लागतो. दोन हातांत दोन कंट्रोलर असतात, त्या जागी चित्रात काठ्या दिसतात. हात खाली आणला की ड्रम वाजतो, कानात आवाज येतो आणि कंट्रोलर मुठीत किंचित थरथरतो. 'पॅराडिडल' नावाचं ॲप यासाठी बरंच वापरलं जातं. त्यात ड्रम आणि झांजा आपल्या सोयीने हव्या तिथे मांडता येतात. ही सोय लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अशा वेळी डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर असतं, "बंद करा." वय झालं, स्टेंट आहे, कोपर दुखतोय, हे खेळ आता पुरे! मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. ज्या माणसाला मी दोन वर्षं 'चाला, चाला' म्हणून सांगून थकलो, तो आपणहून रोज पाऊण तास घाम गाळतो आहे. ते थांबवण्याआधी हा घाम नेमका कशाचा आहे ते बघायला हवं.

ड्रम वाजवणं ही मेहनत आहे यात शंका नाही. 'ब्लाँडी' या बँडचे ड्रमर क्लेम बर्क यांच्यावर इंग्लंडमधल्या चिचेस्टर विद्यापीठाच्या मार्कस स्मिथ यांनी बरीच वर्षं मोजमापं केली. कार्यक्रम चालू असताना बर्क यांचे हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १४० ते १५० असायचे आणि मधूनच १९० पर्यंत जायचे. धावपटूंच्या पंक्तीत बसवावं असे हे आकडे आहेत. पण ते खऱ्या ड्रमचे, दोन्ही पाय पेडलवर असलेल्या आणि तास-दीड तास जोर लावून वाजवणाऱ्या व्यावसायिक वादकाचे आहेत. हेडसेट घालून बसलेल्या आपल्या काकांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कारण खऱ्या ड्रमसेटमधल्या तीन गोष्टी या आभासी सेटमध्ये नाहीत. एक म्हणजे दणदणाट. तो नाही हे उत्तमच, शेजाऱ्यांनाही आणि तुमच्या कानांनाही. बंद खोलीत खरा ड्रमसेट १०० डेसिबलच्या सहज वर जातो, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ९० डेसिबलचा आवाज आठवड्याला चार तासांपेक्षा जास्त ऐकू नये. हेडसेटवर आवाज तुमच्या हातात असतो. 'फील येत नाही' म्हणून तो शेवटपर्यंत वाढवला, की तोही फायदा गेला.

दुसरी गोष्ट म्हणजे चामडं. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

पथकात ताशा वाजवणाऱ्या कुणालाही विचारा. काडी पानावर पडली की आपोआप वर उसळते. वाजवणारा प्रत्येक वेळी ती उचलत नाही, उसळीला फक्त वाट देतो. म्हणून तर तो मिरवणुकीत तासन्‌तास वाजवू शकतो. ड्रमच्या काठीचंही तसंच. ड्रम शिकणाऱ्याचे पहिले काही महिने मूठ सैल ठेवून ही उसळी पकडायला शिकण्यातच जातात.

हवेत उसळी कुठून येणार? तुम्ही हात जोरात खाली आणता, पण त्याला थांबवायला तिथे काहीच नसतं. मग हाताला ब्रेक कोण लावतं? तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या वरच्या बाजूने जाणारे स्नायू. आणि ब्रेक लावल्यावर हात पुन्हा वर उचलायचं कामही त्यांचंच. म्हणजे दर ठोक्याला दुप्पट काम. त्यातही ब्रेक लावताना स्नायू एकाच वेळी ताणलाही जात असतो आणि जोरही लावत असतो. या प्रकारच्या कामाने स्नायू जास्त दुखावतात. डोंगर उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, त्याचं कारणही हेच.

हे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका छोट्या जागी जोडलेले असतात. तिथेच दुखू लागतं. ज्याला आपण 'टेनिस एल्बो' म्हणतो तेच हे दुखणं. मिनिटाला शंभर ठोके म्हटले तरी पाऊण तासात साडेचार हजार ब्रेक! शिवाय कंट्रोलरचं वजन सेलसकट शंभर ग्रॅमच्या वर असतं, लाकडी काठीपेक्षा जास्त. तो हातातून सुटेल या भीतीने लोक मूठ घट्ट आवळतात. घट्ट मुठीने कोपराचा ताण वाढतो आणि ज्यांना बीपी आहे त्यांचं बीपीही तेवढा वेळ वर चढतं.

यावर मी त्या गृहस्थांना सांगितलेले उपाय साधे होते. कंट्रोलरचा पट्टा मनगटात अडकवा म्हणजे तो सुटायची भीती जाते, आणि मग मूठ सैल सोडा. हात खांद्यापासून आपटू नका, छोटे ठोके घ्या. व्हीआरमध्ये हळू मारलं तर शेजारी हसत नाहीत. दहा मिनिटं हेडसेटवर वाजवलं की पुढची दहा मिनिटं हेडसेट काढून खऱ्या काठ्यांनी रबरी प्रॅक्टिस पॅडवर वाजवा. त्यावर काठी उसळते आणि आवाजही फार होत नाही. झांजा खांद्याच्या खाली आणून ठेवा. ॲपमध्ये जागा बदलता येते ती यासाठी. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यांनी तर ही गोष्ट पहिल्या दिवशीच करावी. कोपर पूर्ण शांत व्हायला दीड महिना लागला, पण वाजवणं बंद करावं लागलं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पाय. खऱ्या सेटमध्ये उजवा पाय मोठ्या ड्रमवर आणि डावा पाय झांजांच्या जोडीवर सतत चालू असतो. व्हीआरमध्ये हेडसेटला तुमचे पाय दिसतच नाहीत. त्यामुळे बहुतेक जण मोठा ड्रम बोटाने बटण दाबून वाजवतात. वेगळं पेडल जोडता येतं, पण ते घेतो कोण?

म्हणजे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू पाऊण तास स्वस्थ. जेवणानंतर रक्तातली साखर वापरणारे हेच स्नायू आहेत. पायांतलं रक्त वर ढकलणाऱ्या पोटऱ्याही यातच आल्या. आणखी एक बाब हृदयरोग्यांनी समजून घ्यावी. तेवढंच काम पायांऐवजी हातांनी केलं, तर हृदयाचे ठोके आणि बीपी दोन्ही जास्त वाढतात. हातांचे स्नायू लहान असल्यामुळे हृदयाला त्याच कामासाठी जास्त रेटा द्यावा लागतो. त्यामुळे दम लागला आणि घाम आला म्हणजे चालण्याइतकाच फायदा झाला, असं समीकरण मांडू नका.

मग चालण्यात धरायचं का? माझं उत्तर असं : व्यायामात धरा, चालण्यात धरू नका. प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. त्यातली पन्नास मिनिटं मी या ड्रममधून मान्य करतो, उरलेली शंभर पायांनीच करायची. हा पन्नासचा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझा आहे. दुसरे डॉक्टर कमीजास्त सांगतील. बाईंना तो जास्त वाटला, यजमानांना कमी, म्हणून तो बरोबर असावा.

मेहनत किती झाली हे मोजायला घड्याळावर विसंबू नका. मनगट इतकं हलत असताना स्मार्टवॉच ठोके चुकीचे दाखवतं. काही घड्याळं तर हाताचे झटके पावलं म्हणून मोजतात आणि माणूस खुर्चीत बसल्याबसल्या हजारो पावलं चालतो! मेटोप्रोलोल किंवा बिसोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर ठोके मुळात वाढूच दिले जात नाहीत, त्यामुळे आकडा खरा असला तरी फसवा. त्यापेक्षा सोपी कसोटी आहे. वाजवताना बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा दम योग्य. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा.

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. साखर उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात. हेडसेटच्या आत घाम येतोच आणि कंट्रोलर थरथरतातच, त्यामुळे ही लक्षणं कळून येत नाहीत. संध्याकाळी उपाशीपोटी वाजवायला बसू नका आणि साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवा.

चक्कर येईल का, असंही बरेच जण विचारतात. व्हीआरमध्ये मळमळ होते ती डोळ्यांना 'आपण पुढे चाललोय' असं दिसतं आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग 'आपण बसलोय' असं सांगतो तेव्हा. ड्रम वाजवताना तुम्ही खरंच एका जागी बसलेले असता, म्हणून हा प्रकार त्यातल्या त्यात सौम्य. रोलर कोस्टरच्या नादी मात्र लागू नका. चष्म्याबद्दल एक गंमत आहे. ड्रम हातभर अंतरावर दिसतो, पण हेडसेटची लेन्स डोळ्यांना त्याहून लांबवर फोकस करायला लावते. त्यामुळे चाळिशीचा वाचायचा चष्मा नको, लांबचा असेल तर तो लावा. फिट्स येणाऱ्यांनी आणि पेसमेकर बसवलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेटला हात लावू नये.

हेडसेटचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि ते सगळं पुढे, चेहऱ्यावर. खाली ड्रमकडे बघत राहिलं की मान पुढे झुकते. मानेचा त्रास असलेल्यांनी सेट थोडा वर आणि समोर मांडावा. दर अर्ध्या तासाने दहा-पंधरा मिनिटं हेडसेट काढून ठेवा, असं उत्पादकही सांगतात. बसायला स्थिर स्टूल घ्या, चाकांची ऑफिसची खुर्ची नको आणि हातांची प्लॅस्टिकची खुर्चीही नको. उठताना सवयीने समोरच्या ड्रमला टेकायला जाऊ नका. तो तिथे नसतो. असे पडलेले लोक आहेत.

शेवटचं, आणि हे वगळून वाचू नका. ड्रम वाजवल्यावर हात, खांदा, छातीचे स्नायू दुखणं अगदी शक्य आहे. पण हृदयाचं दुखणंही श्रम करतानाच येतं आणि तेही हातात, खांद्यात, जबड्यात जाणवतं. दाबल्यावर किंवा हात हलवल्यावर दुखतं ते बहुधा स्नायूचं. पण वाजवता वाजवता छातीवर दडपण आलं, हात जड झाला, जबडा किंवा पाठ भरून आली, गार घाम फुटला किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, तर 'आज जरा जास्त वाजवलं' असं स्वतःच ठरवून झोपून जाऊ नका. हेडसेट काढा, बसून राहा, घरच्यांना हाक मारा आणि १०८ ला फोन करा किंवा कुणाच्या तरी गाडीतून थेट इस्पितळात जा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. म्हणूनच, स्टेंट किंवा बायपास झालेल्यांनी घरात कुणी नसताना दार आतून लावून वाजवायला बसू नये.