'बिचारी' म्हणायला शिकवणारा फोटो

दोन वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गासाठी स्वच्छतेचा तक्ता करताना मी नेटवरून एक फोटो घेतला. कचऱ्याच्या डोंगरावर मळक्या फ्रॉकमधली मुलगी, पाठीवर पोतं, मागे धूर. मुलं "अरेरे, बिचारी!" म्हणाली. मला वाटलं, पाठ छान झाला. मधल्या सुट्टीत एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, माझी आई पण भंगार वेचते. पण ती अशी रडकी नसते."

तक्ता मी त्याच दिवशी काढला.

असे फोटो काढूच नयेत, असं मी म्हणणार नाही. ते निघाले नाहीत तर आपला कचरा कुठे जातो हे आपल्याला दिसणारच नाही. पण फोटोतल्या माणसाचं नाव काय, त्याला विचारलं होतं का, त्याला काय मिळालं, हे आपण कधी बघतो का?

ब्राझीलमधल्या रिओ शहराजवळ जार्दिम ग्रामाशो नावाचा प्रचंड मोठा कचरा डेपो होता. २०१२ मध्ये तो बंद झाला. त्याआधी विक मुनिझ या कलावंताने तिथल्या वेचकांचे फोटो काढले, जमिनीवर ते भलेमोठे करून पाडले आणि त्या वेचकांकडूनच, त्यांनीच वेचलेल्या वस्तूंनी ते भरून घेतले. मग वरून पुन्हा फोटो. विक्रीचे पैसे वेचकांच्या संघटनेला गेले. यावर 'वेस्ट लँड' हा माहितीपट २०१० मध्ये आला. त्यात संघटनेचे अध्यक्ष तियाओ सांतोस टीव्हीवरच्या मुलाखतकाराची चूक सुधारतात: आम्ही कचरा नाही, पुन्हा वापरता येणारा माल वेचतो. आपण मात्र अजून, घरचा कचरा नेणाऱ्यालाच 'कचरेवाला' म्हणतो!

आणि एक फोटो मला याहून मोठा वाटतो. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांना ओळखपत्रं मिळाली. त्यावरचा फोटो एवढासा, पण शेजारी नाव. चोर समजून हटकणाऱ्याला दाखवायला काहीतरी हातात आलं.

यंदा मी तक्ता केलाच नाही. त्या मुलाच्या आईला वर्गात बोलावलं. पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, कडक प्लॅस्टिक वेगळं कसं करायचं आणि कशाला किती भाव येतो, हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. मुलं एवढी गप्प माझ्या तासाला कधी नसतात. शेवटी मी विचारलं, "ताई, एक फोटो काढू का?"

"थांबा बाई, पदर नीट करते."