काचा वर केल्या की आवाज संपतो?

गाडीच्या आत येणारा रस्त्याचा आवाज बंद करून घेण्याचं जे खूळ सध्या आमच्या नात्यागोत्यात शिरलं आहे, त्याबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत. तोंडी बोललो तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही, म्हणून लिहितो.

आमच्या भाच्याने दारांच्या आत, तळाला आणि डिकीत काळे चिकट तुकडे बसवून घेतले. डॅम्पिंग शीट म्हणतात त्याला. खाली बुटाइल रबर, वर ॲल्युमिनियमचा वर्ख. पंचवीस हजार मोजले! आता दार लावलं की जुन्या ॲम्बॅसॅडरसारखा धप्प आवाज येतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दार उघडून-लावून दाखवतो. पण एक्स्प्रेस-वेवर गाडी शंभरला गेली की घोंघावणं जवळपास होतं तसंच. होणारच. ती शीट पत्र्याची थरथर थांबवते. टायरचा आवाज चाकातून, सस्पेन्शनमधून सांगाड्यात चढतो, शिवाय काचांतून आणि दारांच्या फटींतून हवेवाटे येतो. त्याला पत्र्यावरच्या चिकटपट्टीने कसं अडवणार?

मी बी.ए. मराठीचा माणूस. पण एवढं समजायला बी.एस्सी. लागत नाही. आवाज जिथे तयार होतो तिथे जावं. टायर रस्त्यावर आपटतो, त्याच्या खाचांत हवा दाबली जाते आणि फटकन सुटते. टायरच्या पोटातली हवाही साधारण दोनशे हर्ट्झच्या आसपास घुमते, तोच तो कानात बसणारा ‘हूं’. (काही महागड्या गाड्यांत म्हणून टायरच्या आत फोम चिकटवलेला असतो.) साधारण पन्नासच्या पुढे वेग गेला की मोटारीच्या इंजिनापेक्षा टायरचाच आवाज वरचढ होतो. तेव्हा ‘इलेक्ट्रिक घेतली की प्रश्न मिटला’ म्हणणाऱ्यांनी हायवेवर एकदा कान देऊन बघावं. इंजिन गप्प झालं की टायर जास्तच ऐकू येतो.

फुकटचा उपाय सांगू? शंभरचे ऐंशी करा. टायरचा आवाज तीनेक डेसिबलने उतरतो, म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी होते. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे आहे सुमारे ९४ किलोमीटरचा. अख्खा रस्ता शंभरने कापलात असं धरलं तरी फरक पडतो चौदा मिनिटांचा, आणि घाटात तसंही कोणी शंभरने जात नाही. ही चौदा मिनिटं वाचवून मंडळी फूड मॉलवर वड्याच्या रांगेत अर्धा तास उभी राहतात! बाकी हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा, दाराचं रबर तडकलं असेल तर बदला, टायर एकीकडे झिजलेले असतील तर अलाइनमेंट बघून घ्या. असो.

माझा खरा राग शीटवर नाहीच. तुम्ही आतली शांतता विकत घेता आणि बाहेरचा आवाज होता तेवढाच राहतो, याचा राग आहे. तो कोणी ऐकायचा? टपरीवाल्याने, चौकातल्या हवालदाराने, रस्त्यालगतच्या पहिल्या मजल्यावरच्या आजारी माणसाने. मी जवळजवळ तीस वर्षं हायवेला लागून असलेल्या एका शाळेत शिकवलं. उन्हाळ्यात खिडक्या लावायची सोय नाही. शुद्धलेखन घालायला लागलो की नेमका जोडाक्षराला ट्रक यायचा. मी थांबायचो, तो गेला की दुसरा. मागच्या बाकांवरच्या पोरांच्या वह्यांत निम्मे शब्द भलतेच असत. त्याच पोरांना पुढे आणून बसवलं की बरोबर लिहायची. त्यांच्या कानांना कोणी शीट लावली? आणि मला तर वाटतं, आत गारेगार, चिडीचूप बसलेल्या माणसाचा हात हॉर्नवर जास्त जातो. स्वतःचाच हॉर्न त्याला लांबचा वाटत असणार. मागून ॲम्ब्युलन्स आलेली कळायला उशीर होतो ते वेगळंच.

नियम आहेत बरं का! केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. त्यावरून आपण दर गणपतीत लाउडस्पीकरवर भांडतो. रस्त्याच्या पृष्ठभागाबद्दल कधी कोणी भांडलेलं मी ऐकलं नाही. आता गावोगाव काँक्रीट पडतंय. पकड राहावी, पाणी निघून जावं म्हणून ओल्या काँक्रीटवर आडव्या रेघा ओढतात. त्या रेघांवरूनच टायर शिट्टीसारखा किंचाळत जातो. त्याच रेघा उभ्या, रस्त्याच्या लांबीच्या दिशेने ओढल्या तर किंचाळी बरीच कमी होते. झालेला रस्ताही हिऱ्याच्या पात्यांनी घासून शांत करता येतो, अमेरिकेत ते सर्रास करतात. नेदरलँड्समध्ये बहुतेक मोठ्या महामार्गांवर सच्छिद्र डांबर आहे, ते आवाजही शोषतं आणि पाणीही. आपल्याकडच्या धुळीने ती छिद्रं बुजतील, शिवाय ते लवकर उखडतं, म्हणून त्याचा आग्रह मी धरत नाही.

‘मामा, काँक्रीटला खड्डे पडत नाहीत,’ असं भाचा म्हणतो. अरे, मी कुठे डांबर मागतोय? काँक्रीटच कर, पण रेघ कुठल्या दिशेने ओढायची ते विचारून ओढ. खर्चात फार फरक पडायचं काही कारण मला दिसत नाही.

टायरच्या आवाजाचे नियमही केंद्राने २०२२ मध्ये अधिसूचित केले आहेत. युरोपात तर २०१२ पासून टायरच्या लेबलवर डेसिबलचा आकडा असतो. आणि तो आकडा गाडीच्या आतल्या आवाजाचा नसून बाहेरच्या आवाजाचा असतो! रस्त्याकडेच्या माणसाला किती ऐकावं लागेल, याचा हिशेब तिथे टायर घेतानाच समोर असतो. आपण दुकानात भाव विचारतो, फार तर किती किलोमीटर चालेल ते विचारतो.

आमच्या भागात शाळेसमोरच्या रस्त्यावर अजून काँक्रीट पडायचं आहे. उभ्या रेघांसाठीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, मोजून दीड पान. सह्या हव्या आहेत. घरच्यांनी रविवारी दहापर्यंत येऊन जावं, आणि येताना हॉर्न वाजवून मला खाली बोलावू नये, वर यावं.