विमान रद्द झाले तरी भरपाई का मिळत नाही?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा देशभरातील विमानतळांवर खोळंबलेल्या प्रवाशांपुढे प्रश्न होता तो केवळ तिकिटाच्या परताव्याचा नव्हे, तर नुकसानभरपाईचा. परतावा मिळणारच होता. भरपाई मात्र उड्डाण कोणत्या कारणाने रद्द झाले, यावर अवलंबून असते.

नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने २०१० मध्ये लागू केलेल्या आणि पुढे सुधारित केलेल्या नियमांनुसार, वेळेत पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास कंपनीने प्रवासाच्या कालावधीनुसार ५,००० ते १०,००० रुपये, अथवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी कमी असेल ती रक्कम द्यावयाची असते. साहजिकच स्वस्त तिकिटावर भरपाईही तुटपुंजी ठरते. बुकिंगच्या वेळी संपर्काचा पुरेसा तपशील न दिलेल्या प्रवाशाला तीही मिळत नाही. विलंबासाठी तर रोख भरपाईची तरतूदच नाही. अल्पोपाहार, सहा तासांहून अधिक विलंब झाल्यास पर्यायी उड्डाण वा परतावा आणि काही प्रसंगी हॉटेल, एवढ्यावरच समाधान मानावे लागते.

नैसर्गिक आपत्ती, दंगल, संप, सरकारी आदेश अशा ‘असाधारण परिस्थिती’त कंपनीची भरपाईची जबाबदारी संपते. खराब हवामान आणि हवाई वाहतूक नियंत्रणाशी संबंधित कारणेही याच सदरात मोडतात. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ बंद ठेवण्यात आले, तेव्हा कंपन्यांकडे बोट दाखविण्यास जागा नव्हती.

डिसेंबरमधील चित्र इतके स्पष्ट नव्हते. इंडिगोने तांत्रिक अडचणी, हवामान, गर्दी आणि वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नवे नियम अशी कारणे एकत्रच पुढे केली. यांतील हवामानाला सूट आहे. नवे नियम मात्र जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते आणि त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. तयारीला जवळपास दोन वर्षे मिळाली असताना मनुष्यबळाच्या तुटवड्याला असाधारण म्हणणे पटणारे नाही. पण कारण सांगते ती कंपनीच, आणि ते पडताळून पाहण्याचे साधन सामान्य प्रवाशाकडे नसते.

महासंचालनालयाने जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड ठोठावला. तत्पूर्वी कंपनीनेही ५,००० ते १०,००० रुपयांची भरपाई जाहीर केली होती. मात्र ती उड्डाणापूर्वीच्या २४ तासांत ज्यांचे विमान रद्द झाले, त्यांच्यासाठी.